सत्तरी जवळ आल्यावर मांडलेला औषधपाण्याचा हिशोब

मी १९७५ मध्ये लष्करात भरती झालो आणि चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर १९९९ मध्ये हवालदार क्लार्क या हुद्द्यावरून पेन्शनवर आलो. ही दोन वर्षे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, माजी सैनिकाला वैद्यकीय सुविधेचे कोणते पर्याय खुले आहेत हे बरेचसे त्याच्या निवृत्तीच्या तारखेवर ठरते. ‘एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम’, जिला आपण सगळे ईसीएचएस म्हणतो, ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्या तारखेनंतर पेन्शनवर येणाऱ्या प्रत्येकाला तिचे सभासदत्व बंधनकारक झाले, त्यामुळे त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच उरला नाही. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ असल्याने त्यांनाही फारसा विचार करावा लागला नाही. राहिलो ते मधल्या सात-सव्वासात वर्षांत घरी आलेले आम्ही. आम्हाला वर्गणी भरून योजनेत जाता येत होते किंवा बाहेर राहून पेन्शनबरोबर मिळणारा फिक्स्ड मेडिकल अलाउन्स, म्हणजे एफएमए, घेत राहता येत होते.

मी बाहेर राहिलो, आणि त्या वेळच्या परिस्थितीत ते योग्यच होते. माजी सैनिकांच्या राखीव जागेतून मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागलो होतो, बँकेची वैद्यकीय सुविधा मला, पत्नीला आणि दोन्ही मुलांना मिळत होती, आणि जवळचे म्हणावे असे पॉलिक्लिनिक, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना, तेव्हा आमच्या भागात उभेही राहिले नव्हते. एफएमए सुरुवातीला महिना १०० रुपये होता. तो सप्टेंबर २००८ पासून ३००, नोव्हेंबर २०१४ पासून ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये झाला. महागाई भत्त्यासारखा तो सहामाहीला वाढत नाही, हे पुढच्या हिशोबासाठी लक्षात ठेवायला हवे.

बँकेतून मी २०१६ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झालो. बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी त्याच्या आदल्या वर्षापासून सामूहिक आरोग्य विमा सुरू झाला होता. लिपिक वर्गासाठी तीन लाख आणि अधिकाऱ्यांसाठी चार लाख रुपयांचे मूळ संरक्षण, आणि निवृत्तांच्या बाबतीत हप्ता ज्याचा त्याने भरायचा, अशी ती रचना. पहिल्या वर्षीचा हप्ता जड वाटला नव्हता. पुढे तो दरवर्षी चढत गेला, आणि घरी राहून घेतलेल्या उपचारांचा खर्च देणारा भाग हवा असेल तर वेगळी, अधिक रक्कम मोजावी लागू लागली. गेल्या नूतनीकरणाला मी जवळपास चाळीस हजार रुपये भरले आणि तेही तो भाग वगळून. सत्तरी एका वर्षावर आली असताना हा आकडा खाली येणार नव्हता, हे कळायला बँकेत नोकरी केलेली असण्याची गरज नव्हती.

म्हणून मी सगळे पर्याय एका वहीत मांडायचे ठरवले. सुरुवात प्रत्येकजण करतो तशी केली, म्हणजे प्रत्येक योजनेसमोर संरक्षणाची रक्कम लिहिली. तीन लाख, पाच लाख, पाच लाख, आणि ईसीएचएससमोर ‘मर्यादा नाही’. ते पान पाहून पत्नी म्हणाली, “अहो, पण आपला पैसा जातो कुठं, ते तर यात कुठंच नाही.” तिचे म्हणणे खरे होते. मी गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांची फाइल काढली आणि खर्चाची वर्गवारी केली. त्या काळात रुग्णालयात दाखल होण्याचा प्रसंग एकदाच आला होता, तो माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा, आणि त्याचे बिल विम्यातून भागले होते. बाकीचा सगळा खर्च माझ्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, तिच्या थायरॉइडच्या आणि गुडघ्यांच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या आणि डॉक्टरांची फी यांवर झाला होता. नुसत्या औषधांना दोघांची मिळून सरासरी साडेतीन हजार रुपये महिना लागत होते. वर्षाचे ४२,००० रुपये झाले, आणि चाळीस हजारांचा हप्ता भरूनही विम्याने त्यातला एक रुपया दिलेला नव्हता.

या एका वर्गवारीने वहीतली मांडणी उलटीपालटी झाली. संरक्षणाची रक्कम हा रकाना मी शेवटी नेला. पहिला रकाना ‘दर महिन्याची औषधे कोण देणार’ हा, दुसरा ‘आधीपासून असलेले आजार कधीपासून धरणार’ हा, तिसरा ‘रात्री-अपरात्री कुठे जायचे’ हा आणि चौथा ‘माझ्यामागे पत्नीचे काय’ हा झाला. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, त्यामुळे हा चौथा रकाना केवळ औपचारिक नव्हता.

सर्वांत आधी खाजगी विमा पाहिला, कारण मुलाचा आग्रह त्याच्यासाठी होता. तो पुण्यात एका खाजगी कंपनीत आहे आणि त्याच्या वयाच्या माणसाला ही पॉलिसी सोयीची असतेही. १ एप्रिल २०२४ पासून नियम बदलले आहेत. पासष्टीनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची जी वयोमर्यादा पूर्वी असे ती उठली, आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा कमाल काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला, आणि सलग पाच वर्षे हप्ते भरल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही शून्यावर आला, मात्र ही सवलत सामूहिक पॉलिसीला नाही. कागदावर हे सगळे ज्येष्ठांच्या बाजूचे आहे. तरीही आम्हाला मिळालेल्या प्रस्तावात मधुमेह आणि रक्तदाबासाठी तीन वर्षे थांबायचे होते, सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी प्रतीक्षा होती, प्रत्येक दाव्यात वीस टक्के रक्कम आम्ही सोसायची होती, आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. ही शेवटची अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह अशा खोलीच्या दर्जाशी बांधलेल्या इतर खर्चांतही त्याच प्रमाणात कपात होते. एजंट मुलगा प्रामाणिक होता. मी विचारल्यावर त्याने हे सगळे सांगितले, न विचारता मात्र सांगितले नसते असे मला वाटते. एकोणसत्तराव्या वर्षी तीन वर्षे वाट पाहण्याचा करार माझ्या पहिल्या दोन्ही रकान्यांत नापास झाला.

त्यानंतर शासकीय योजना. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती होती आणि तिचे संरक्षण दीड लाखाचे होते. आता राज्यातल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही ती लागू झाली आहे आणि रक्कम कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आहे. दुसरी, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेली सत्तरीपुढच्या नागरिकांसाठीची आयुष्मान वय वंदना. तिला उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावर सत्तर वर्षे पूर्ण असली की पाच लाखांचे संरक्षण मिळते, आणि आधीच्या आजारांसाठी थांबावे लागत नाही. गावातल्या चावडीवर या योजनेची फार चर्चा असते आणि ‘फुकट कार्ड मिळत असताना फौजेची वर्गणी कशाला भरायची’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर त्या योजनेच्याच अटींत आहे. ती दाखल झालेल्या रुग्णाच्या, ठरलेल्या उपचारांची योजना आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली औषधे आणि तपासण्या तिच्यात येत नाहीत. ती वैयक्तिक वयावर मिळते, म्हणजे मला मिळाली तरी पासष्टीच्या आतल्या माझ्या पत्नीला मिळत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, ज्यांना सीजीएचएस (सेंट्रल गव्हर्नमेंट हेल्थ स्कीम) किंवा ईसीएचएससारख्या केंद्राच्या योजनेचा लाभ मिळतो, त्यांनी दोहोंपैकी एकच निवडायची आहे. खाजगी विमा असलेल्याला मात्र वय वंदना कार्ड त्याच्या जोडीने घेता येते. हा फरक नीट समजून न घेता आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी शिबिरात कार्ड काढण्यासाठी अंगठा पुढे केला होता. सुदैवाने तिथल्या कर्मचाऱ्याने आधी ईसीएचएसबद्दल विचारले आणि ते थांबले.

सीजीएचएसचा रकाना लगेच खोडला. ती केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांची योजना आहे आणि केवळ लष्करी पेन्शनवर तिचा हक्क पोहोचत नाही. फौजेनंतर टपाल खात्यासारख्या केंद्राच्या खात्यातून दुसऱ्यांदा निवृत्त झालेल्यांना मात्र हा विचार करावा लागतो, आणि शहरात राहणाऱ्यांना तो किफायतशीरही पडू शकतो.

आता ईसीएचएस. २९ डिसेंबर २०१७ पासूनच्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना एकदाच ३०,००० रुपये, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये वर्गणी आहे. त्यानुसार रुग्णालयात अनुक्रमे जनरल, सेमी-प्रायव्हेट आणि प्रायव्हेट वॉर्ड मिळतो. जनरल वॉर्डविषयी मुलाने नाक मुरडले, पण ज्याची चोवीस वर्षे बॅरेकमध्ये ओळीने लावलेल्या खाटांवर गेली त्याला शेजारच्या खाटेवरच्या माणसाची अडचण वाटत नाही. योजनेत वयाची अट नाही, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, खर्चाला कमाल मर्यादा नाही आणि नूतनीकरणाचा हप्ता नाही. पत्नी, पंचविशीच्या आतला आणि न कमावणारा मुलगा, अविवाहित आणि न कमावणारी मुलगी, तसेच उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे अवलंबून असलेले आईवडील, हे सगळे त्याच वर्गणीत येतात. आमच्या घरात आता आम्ही दोघेच उरलो आहोत.

वर्गणीखेरीज एक किंमत आणखी आहे, आणि ती कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. ईसीएचएसचे सभासद झाल्यावर एफएमए बंद होतो. म्हणजे ३०,००० रुपये एकदा आणि १,००० रुपये दरमहा कायमचे, असा तो सौदा आहे. दहा वर्षांचा विचार केला तर वर्गणी आणि बुडालेला भत्ता मिळून दीड लाख रुपये होतात. आमची साडेतीन हजारांची सगळी औषधे पॉलिक्लिनिकमधून मिळाली, तर भत्ता वजा जाता महिन्याला अडीच हजार वाचतात आणि वर्गणी एका वर्षात वसूल होते. निम्मीच औषधे मिळाली, तर साडेसातशे वाचतात आणि वसुलीला चाळीस महिने लागतात. तिसरा हिस्साच मिळाला, तर केवळ औषधांच्या बाजूने पाहता हा व्यवहार जेमतेम बरोबरीत सुटतो. ज्याला गोळ्या लागत नाहीत आणि जो पॉलिक्लिनिकपासून फार लांब राहतो, त्याने एफएमए घेत राहणे हा आजही मूर्खपणा नाही, असे माझे मत आहे. मात्र असा माणूस साठीनंतर किती काळ गोळ्यांवाचून राहील, हे त्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा खरा प्रश्न औषधे प्रत्यक्षात किती मिळतात हा होता, आणि त्याचे उत्तर माहितीपत्रकात सापडण्यासारखे नव्हते. म्हणून मी सभासद नसतानाच एका जुन्या सहकाऱ्याबरोबर पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन बसू लागलो. आमच्या गावाहून तिथे पोहोचायला एसटीने तासाभरापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. सकाळी दार उघडण्याआधीच रांग लागलेली असते. नोंदणीच्या खिडकीवर कार्ड यंत्रात घालून अंगठ्याचा ठसा द्यायचा, मग मेडिकल ऑफिसर, मग औषधांची खिडकी, असा क्रम असतो. रांगेत बसलेल्यांना माझा प्रश्न समजायला वेळ लागला नाही, उलट प्रत्येकजण आपली चिठ्ठीच काढून दाखवू लागला. त्या चिठ्ठ्यांवरून माझ्या ध्यानात आले की मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, थायरॉक्सिन यांसारखी नेहमीची औषधे बहुधा मिळतात, परंतु तज्ज्ञाने एखाद्या विशिष्ट कंपनीचे नाव लिहून दिले असेल, तर त्याच घटकाचे दुसरे औषध दिले जाते. काही नवी किंवा महाग औषधे शिलकीत नसतात. तेव्हा चिठ्ठीवर ‘एनए’ असा शेरा पडतो आणि औषध नेमलेल्या औषध दुकानातून मागवले जाईपर्यंत थांबावे लागते किंवा नियमात बसेल तसे बाहेरून घेऊन बिल सादर करावे लागते. बिलाचे पैसे यायला महिने लागतात, असे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले.

आमच्या दोघांच्या नऊ औषधांपैकी सात तिथे नियमित मिळण्याजोगी होती. मी पैशांच्या प्रमाणात नव्हे, तर औषधांच्या संख्येत मोजत होतो, हे पत्नीने लक्षात आणून दिले, आणि पुन्हा हिशोब केला तेव्हा न मिळणारी दोनच औषधे एकूण खर्चाच्या जवळजवळ चौथ्या भागाची निघाली. तरीही महिन्याला सुमारे सव्वीसशे रुपयांची औषधे मिळण्याची शक्यता उरली, आणि एसटीचे भाडे ज्येष्ठांच्या सवलतीमुळे हिशोबात धरण्याइतके नव्हते.

रुग्णालयाच्या बाजूची चौकशी अधिक किचकट होती. नियम असा की, पॉलिक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, घ्यायचा आणि मग योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयात जायचे. जवळ लष्करी रुग्णालय असेल आणि तिथे ती सोय व जागा असेल, तर आधी तिकडे पाठवतात. आमच्या भागातून गंभीर रुग्ण पुण्याला जातात, जिथे कमांड हॉस्पिटल आहे आणि हृदयविकारासाठी लष्कराची वेगळी संस्थाही आहे. रेफरल घेऊन संलग्न रुग्णालयात गेल्यास खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत, कारण रुग्णालय आपले बिल ऑनलाइन सादर करते आणि ते तपासून थेट रुग्णालयाला पैसे मिळतात. अत्यवस्थ अवस्थेत मात्र रेफरलची वाट पाहायची नसते. संलग्न रुग्णालयात कार्ड दाखवून दाखल व्हायचे आणि ४८ तासांच्या आत कळवले गेले आहे याची खात्री करायची. जवळ संलग्न रुग्णालय नसेल तर कोणत्याही रुग्णालयात जावे, तेवढ्याच मुदतीत पॉलिक्लिनिकला कळवावे आणि बिल स्वतः भरून नंतर मागावे. परतावा मात्र सीजीएचएसच्या दरांनी मिळतो, रुग्णालयाने लावलेल्या दरांनी नव्हे. हा फरक मोठ्या शस्त्रक्रियेत लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून मी संलग्न रुग्णालयांची यादी घेऊन त्यातली आमच्या घरापासून तासाभरात पोहोचता येईल अशी रुग्णालये अधोरेखित केली आणि ती कोणत्या विभागांसाठी संलग्न आहेत हेही पाहिले. एखादे रुग्णालय डोळ्यांसाठी यादीत असते, हृदयासाठी नसते, आणि छातीत दुखत असताना ही माहिती उपयोगी पडण्याची वेळ निघून गेलेली असते.

यादीतल्या एका रुग्णालयात मी प्रत्यक्ष गेलो आणि ईसीएचएसच्या रुग्णांसाठी खाट मिळते का, असे विचारले. काउंटरवरच्या बाईंनी आधी “सध्या घेत नाही” असे सांगितले आणि मी करार संपला आहे का असे विचारल्यावर वरिष्ठांकडे बोट दाखवले. वरिष्ठांचे म्हणणे असे होते की बिले थकली आहेत, म्हणून नियोजित शस्त्रक्रिया लांबवतो, तातडीचे रुग्ण मात्र परत पाठवत नाही. थकीत बिलांची तक्रार या योजनेत जुनीच आहे. माझ्या वहीत तिची नोंद उणे बाजूला झाली, आणि बँकेची पॉलिसी ताबडतोब सोडू नये हे त्या दुपारी ठरले.

निर्णय मात्र चौथ्या रकान्याने झाला. बँकेची पॉलिसी माझ्यामागे पत्नीला चालू ठेवता येते, पण चढता हप्ता तिला फॅमिली पेन्शनमधून भरावा लागेल. खाजगी पॉलिसीचीही तीच गत. वय वंदना तिला सत्तरीला मिळेल, तोवर फुले योजनेवर भिस्त. ईसीएचएसमध्ये सभासदाच्या पश्चात फॅमिली पेन्शन घेणारी पत्नी मुख्य लाभार्थी होते आणि तिला पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही. म्हणजे ३०,००० रुपयांत दोन आयुष्ये धरली जातात, आणि आमच्या घराण्यातल्या बायका नव्वदी गाठतात. हे मी तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “मग भरा की. एवढं काय लिहीत बसलाय?”

भरण्याआधी कागद उभे करायचे होते, आणि मी स्वतः क्लार्क असल्याने माझी फाइल चोख असेल असा घरच्यांचा समज होता. फाइल चोख होती, पण तिच्यातल्या नोंदी चाळीस वर्षांपूर्वीच्या होत्या. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीत बदल करणारा लष्करी आदेश, निघाली तेव्हा पत्नीचे सासरी ठेवलेले नाव नोंदले गेले, तेच डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, उतरले. आधार कार्ड काढताना मात्र तिच्या शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव आले. आमच्या पिढीत लग्नात नाव बदलण्याची रीत सरसकट असल्याने निम्म्या माजी सैनिकांच्या घरात ही विसंगती सापडेल. ईसीएचएसच्या ऑनलाइन अर्जात आधार आणि सेवा नोंद जुळल्याखेरीज पुढे जाता येत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी मार्ग सांगितला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, दोघांचे एकत्रित छायाचित्र आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती जोडून अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. तिथे नोंद दुरुस्त होऊन प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे गेले आणि दुरुस्त पीपीओ लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीत दिसू लागला. संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला लागला. ज्यांना आज ईसीएचएसची गरज वाटत नाही त्यांनीही ही दुरुस्ती करून घ्यावी, कारण फॅमिली पेन्शन सुरू होताना हाच प्रश्न येतो आणि तेव्हा धावपळ करायला आपण नसतो.

पुढचे टप्पे त्या मानाने सरळ होते. वर्गणी भरल्याची पावती, एफएमए बंद झाल्याचा दाखला, पीपीओ, आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि छायाचित्रे चढवून अर्ज केला. एफएमए बंद झाल्याचा पुरावा वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. भत्ता चालू राहिला आणि कार्डही मिळाले, तर पुढे वसुली निघते. अर्जाची छाननी झाल्यावर तात्पुरती स्लिप मिळाली आणि तिच्यावर उपचार घेता येऊ लागले. कार्डे त्यानंतर आली, दोघांची स्वतंत्र.

आता औषधे दर महिन्याला पॉलिक्लिनिकमधून येतात आणि न मिळणारी दोन औषधे आम्ही सरळ विकत घेतो, कारण बिलांचा पाठपुरावा करण्याचा उत्साह मला बँकेतच पुरेसा खर्च करावा लागला आहे. पत्नीच्या गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञाचा रेफरल मिळाला, तपासण्या विनामूल्य झाल्या आणि शस्त्रक्रिया तूर्त नको असा सल्ला मिळाला. सकाळची रांग कंटाळवाणी असते, तरी तिथे जुन्या पलटणींच्या गप्पा ऐकायला मिळतात, त्याचा हिशोब मी वहीत धरलेला नाही. बँकेची पॉलिसी सध्या चालू आहे. जवळच्या रुग्णालयांचा अनुभव पाहून ती सोडायची की नाही ते ठरवू. ईसीएचएसच्या सभासदाला स्वतःच्या पैशाने विमा घ्यायला मनाई नाही, पण दोन्हीकडचा खर्च पेलण्याजोगा आहे का, हा ज्याच्या त्याच्या पेन्शनचा प्रश्न आहे. सत्तरी पूर्ण झाल्यावर वय वंदना कार्डाच्या शिबिराला मी जाणार नाही. अमर्याद खर्चाची आणि औषधांची योजना सोडून पाच लाखांची घेण्यात माझ्यासारख्याला अर्थ नाही.

आमच्या शेजारच्या गृहस्थांचा निष्कर्ष मात्र अगदी उलट निघाला आणि तोही बरोबर आहे. ते फौजेत होते, पण पेन्शनइतकी नोकरी होण्याआधी घरगुती कारणाने घरी आले. माजी सैनिक म्हणून त्यांचे ओळखपत्र आहे, पेन्शन नाही. ईसीएचएस ही मुळात पेन्शनधारकांची योजना आहे. २०१९ पासून शॉर्ट सर्व्हिसच्या (ठरावीक मुदतीच्या सेवेच्या) अधिकाऱ्यांसारख्या काही गटांना तिचा लाभ खुला झाला, पण जवान म्हणून लवकर घरी आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे, त्यामुळे त्यांचे वय वंदना कार्ड आम्ही आधारच्या ई-केवायसीवर मोबाइलवरूनच काढले. त्यांच्या पत्नीचे वय सहासष्ट, म्हणून तिच्यासाठी शिधापत्रिकेवर फुले योजना. औषधांच्या खर्चासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या कल्याण निधीतून पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना वैद्यकीय मदत मिळते. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा असतो आणि मूळ बिले, डॉक्टरांची चिठ्ठी व डिस्चार्ज बुक जोडावे लागते. त्यांनी गेल्या वर्षभराच्या पावत्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. त्या तारखेप्रमाणे लावून, अर्ज भरून, गेल्या सोमवारी आम्ही कार्यालयात देऊन आलो आणि पोच घेतली.